सारा कीं खंड ?

चौकच्या आसपासच्या कोणत्याहि शेताचा सात-बाराचा उतारा हातांत घेतला, तर त्यांत क्षेत्राजवळ 'आकार' या शब्दापुढें एक लहानसा आंकडा आढळतो. कांहीं रुपये, कांहीं पैसे. ज्याचें शेत तो या आंकड्याकडे क्वचितच पाहतो. आजच्या जमिनीच्या भावांपुढें तो इतका क्षुद्र आहे कीं, तो कोणी व कां ठरविला हें विचारण्याचेंहि कारण पडत नाहीं. पण या आंकड्यालाहि वंशावळ आहे. तिचें मूळ शोधीत मागें गेल्यास मामलेदारकचेरीच्या दप्तरांतून पुण्यास, पुण्याहून लंडनजवळच्या एका कॉलेजांत, आणि तेथून शेअरबाजारांत धनाढ्य झालेल्या एका गृहस्थाच्या ग्रंथापर्यंत जाऊन पोंचावें लागतें.

युरोपांतील अर्थशास्त्राचे सिद्धांत मागासलेल्या देशांत कसे पसरले, असा प्रश्न केला म्हणजे सामान्यतः उत्तर मिळतें तें असें, कीं प्रथम ग्रंथ येतात, मग त्यांचीं भाषांतरें होतात, पुढें तीं शाळा-कॉलेजांतून शिकविलीं जातात आणि शेवटीं व्यवहारांत उतरतात. महाराष्ट्रांत हा क्रम उलटा घडला. येथें सिद्धांत आधीं शेतावर येऊन बसला आणि पुस्तकांत मागाहून आला. शेतकऱ्यानें त्याची किंमत प्रथम चुकती केली. त्याचें नांव त्याच्या नातवाच्या कानीं पडलें, आणि तेंहि पडलें असल्यास.

हा सिद्धांत खंडाचा. डेव्हिड रिकार्डो यानें १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत तो मांडला. नेपोलियनबरोबरच्या युद्धाच्या काळांत इंग्लंडांत धान्य महाग झालें होतें आणि जमीनदारांचे खंडहि भरमसाट वाढले होते. तेव्हां वाद असा पडला कीं, खंड वाढला म्हणून धान्य महागलें, कीं धान्य महागलें म्हणून खंड वाढला ? रिकार्डोनें दुसरा पक्ष घेतला, आणि त्याची उपपत्ति लावतांना जी विचारसरणी वापरली ती मोठी चटकदार आहे. इंग्लंडांतील गव्हाच्या शेतांऐवजी ती आपल्याच भातशेतीवर बसवून पाहिली म्हणजे चटकन् उमगते.

समजा, इरशाळगडाच्या पायथ्याशीं तीन शेतें आहेत. पहिलें ओढ्याकांठचें, खोल मातीचें, पाणी धरून ठेवणारें. दुसरें त्याहून जरा वर, हलक्या मातीचें. तिसरें डोंगराच्या उतरणीला लागलेलें. तिन्ही शेतांवर सारखेंच कष्ट घेतले आणि सारखाच खर्च केला, तर पहिलें दहा मण भात देतें, दुसरें सात आणि तिसरें पांच. (हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत.) वस्ती थोडी आहे तोंपर्यंत पहिलेंच शेत पुरेसें होतें. वस्ती वाढली, भाताला भाव आला, म्हणजे माणसें दुसऱ्या शेताकडे वळतात आणि मग तिसऱ्याकडे. तिसऱ्या शेताचे पांच मण कसणाराचें पोट, बैल आणि बियाणें यांनाच जेमतेम पुरतात. तेव्हां त्या शेताबद्दल कोणी कोणाला कांहीं देणार नाहीं. परंतु आतां पहिल्या शेताचा मालक कुळाला म्हणूं शकतो, "दहांतले पांच तूं ठेव, पांच माझ्या कोठारांत घाल, पटत नसेल तर वर उतरणीवर जा." हे पांच मण म्हणजे खंड. दुसऱ्या शेताचा खंड दोन मण. तिसऱ्याचा शून्य, आणि म्हणूनच त्या जमिनीला अर्थशास्त्रांत सीमांत जमीन म्हणतात.

यांतून एक निष्कर्ष आपोआप निघतो. खंड हा मालकाच्या श्रमाचें फळ नव्हे. जमिनी कमीअधिक प्रतीच्या असतात एवढ्यामुळेंच तो उत्पन्न होतो. मग सरकारनें तो कराच्या रूपानें घेतला तर काय होईल ? रिकार्डोच्या मतें त्याचा बोजा केवळ जमीनदारावर पडेल. धान्य महाग होणार नाहीं, कसणाराला तोटा नाहीं, लागवडहि घटणार नाहीं. कोणत्याहि सरकारला हर्ष व्हावा असाच हा सिद्धांत होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो झाला.

कंपनीच्या मुलकी नोकरींत जाणाऱ्या तरुणांसाठीं १८०६ सालीं इंग्लंडांत एक कॉलेज सुरू झालें आणि १८०९ पासून तें हेलिबरी येथें भरूं लागलें. तेथें इतिहासाबरोबर अर्थशास्त्र शिकविण्याचें काम टॉमस माल्थस याच्याकडे होतें. लोकसंख्येवरील निबंधानें प्रसिद्ध झालेला माल्थस तो हाच. १८३४ सालीं मृत्यु येईपर्यंत तो त्या जागेवर होता, आणि खंडाची उपपत्ति १८१५ मध्यें, रिकार्डोच्या ग्रंथापूर्वींच, त्यानेंहि मांडली होती. ऑक्सफर्डसारख्या जुन्या विद्यापीठांत या शास्त्राचें अध्यासन १८२५ सालीं निर्माण झालें. म्हणजे ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याच्या आधीं हें शास्त्र पुण्याच्या भावी असिस्टंट कलेक्टराला मिळालें! शिवाय कंपनीच्या लंडनच्या कचेरींत १८१९ पासून जेम्स मिल हा बसलेला होता. तो रिकार्डोचा स्नेही. रिकार्डोला ग्रंथ लिहावयास त्यानेंच भाग पाडलें. हिंदुस्थानांत जमिनीचें खरें स्वामित्व सरकारचें आहे आणि सरकारनें खंड घेतल्यानें कोणाचेंहि नुकसान होत नाहीं, असें त्याचें ठाम मत होतें. त्यानें हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला. हिंदुस्थान मात्र कधीं पाहिला नाहीं.

येथें भाषेनें एक घोटाळा केला. इंग्रजींत या गोष्टीला शब्द एकच. मराठी शेतकऱ्यापाशीं दोन आहेत : सरकारांत भरावयाचा तो सारा, आणि शेताच्या मालकाला द्यावयाचा तो खंड. सारा देणारा स्वतःला त्या जमिनीचा धनी समजतो. खंड देणारा कूळ असतो. हा भेद चौकच्या कोणत्याहि निरक्षर कुणब्याला किंवा आगऱ्याला शिकवावा लागला नसता. साहेबाच्या हिशेबांत मात्र सरकार हेंच धनी असल्यानें सारा आणि खंड ही एकच वस्तु ठरली. घाटावरचा मिरासदार पिढ्यान्‌पिढ्यांची मिरास सांगत होता. या समीकरणांत त्याच्यासाठीं जागा नव्हती.

हें समीकरण जमिनीवर उतरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुणें प्रांतांत झाला. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलिबरीचा विद्यार्थी, माल्थसच्या हाताखालीं तयार झालेला. पेशवाई बुडून दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच त्याच्याकडे पुणें प्रांताच्या पैमाषीचें काम आलें. प्रिंगलनें प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें एकंदर उत्पन्न काढावयाचें, त्यांतून बैल, बी, मजुरी इत्यादि खर्च वजा घालावयाचा, आणि जें निव्वळ शिल्लक राहील त्याचे शेंकडा ५५ सरकारचे धरावयाचे, अशी पद्धति योजिली. कागदावर यापरता न्याय नाहीं. सरकार सारा खंडहि घेत नाहीं; निम्म्याहून थोडा अधिक घेतें आणि बाकीचा रयतेला ठेवतें.

१८३० च्या सुमारास ही आकारणी अमलांत आली आणि थोड्याच वर्षांत ती कोसळली. शेतांतून निव्वळ किती उरतें हें शोधून काढावयास हाताखालचे कारकून गांवोगांव गेले होते. कोणाचें पीक अधिक लिहावें आणि कोणाचें कमी, याचे सौदे झाले. मापें मुळांतच खोटीं, त्यांवर केलेले गुणाकार-भागाकार बिनचूक. आणि गणितांतली ही चूक सर्वांत वाईट, कारण ती उत्तर तपासून सांपडत नाहीं. त्यांत अवर्षण आलें, धान्याचे भाव उतरले, आणि रोकड साऱ्याचा आंकडा मात्र जागच्या जागीं राहिला. इंदापुराकडे शेतकरी जमिनी टाकून परमुलखांत निघून गेले आणि चांगलीं शेतें ओस पडलीं. बाकी वसूल करण्यासाठीं रयतेवर जुलूमहि झाला. लागवड घटणार नाहीं असें सिद्धांत सांगत होता. लागवड डोळ्यांदेखत घटली.

ही घडी पुन्हां बसविण्याचें काम १८३५ पासून इंदापुरांत गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्यानें आणि लेफ्टनंट विंगेट या इंजिनिअरानें हातीं घेतलें. त्यांनीं केलेला बदल वरवर लहान दिसतो. पण या विषयाचें मर्म त्यांतच आहे. शेतांतून निव्वळ किती उरतें हा प्रश्नच त्यांनीं सोडून दिला. एका तालुक्यांत मागील वर्षांत वसूल किती झाला, लोकांची स्थिति कशी आहे, पाऊस कसा आहे, बाजार किती जवळ आहे, हें पाहून त्यांनीं गांवांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला झेपेल असा दर ठरविला. मग एका शेताची दुसऱ्या शेताशीं तुलना करून तो दर वांटून दिला. मातीचा रंग आणि खोली पाहून नऊ प्रती केल्या. सोळा आण्यांची पहिली, दोन आण्यांची शेवटची. मातींत चुनखडी असेल, वाळू असेल, जमीन उतरती असेल, तर ती प्रत खालीं उतरवावयाची.

म्हणजे रिकार्डो निघून गेला नाहीं. त्याला दिलेलें काम बदललें. पहिलें शेत दुसऱ्यापेक्षां किती सरस आहे हें त्याच्या सिद्धांतावरून ठरवितां येतें. पण त्यांतून सरकारनें नेमकें किती घ्यावें हें त्यावरून ठरवितां येत नाहीं. तें ठरवावयास माणसांकडे पाहावें लागतें. प्रिंगलच्या ठिकाणीं बुद्धि कमी नव्हती. ग्रंथांतल्या सूत्रापासून आंकडा थेट काढतां येईल हा भरंवसा अधिक होता.

मोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा भाग पाडून प्रत्येक भागाला 'आणा' म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एकर विलायतेंतला, आणा आपल्या बाजारांतला. त्या दोघांचें लग्न या साखळीनें लावलें. गुंठा, पोटखराबा, आकार हे शब्द आज खेड्यांतील पोरालाहि ठाऊक आहेत. त्यांमागें एखादा सिद्धांत उभा आहे याची मात्र कोणालाच आठवण नाहीं. विद्येचा प्रसार होतो तो बहुधा असाच. ग्रंथकाराचें नांव गळून पडतें आणि माप तेवढें मागें राहतें.

इंदापूरची ही बांधणी १८३६ मध्यें तीस वर्षांच्या मुदतीनें ठरली, १८४७ सालच्या संयुक्त अहवालांत तिचे नियम मांडले गेले, आणि मग ती मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरत चालली. घाट उतरून ती कोंकणांत आली तेव्हां आरंभींच गांठ पडली ती कर्जत भागाची. हा तालुका त्या वेळीं नसरापूर या नांवानें ठाणें जिल्ह्यांत मोडत असे, आणि १८५५-५६ च्या सुमारास तेथें नवी आकारणी लागू झाली. इंदापूरच्या काळ्या मातीसाठीं केलेलें कोष्टक येथें चालण्यासारखें नव्हतें. भाताला मातीइतकेंच पाणी लागतें. म्हणून पाणी किती दिवस टिकतें, बांध कसा आहे, हेंहि प्रतबंदींत धरावें लागलें.

परंतु खरी अडचण वरकस जमिनीची होती. कोंकणांत भाताचीं रोपें टाकावयाची जागा पावसाच्या आधीं भाजावी लागते. झाडांचा टाहाळ, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर घालून ती पेटवितात, हा राब. राबाशिवाय रोपें जोमदार होत नाहींत, आणि रोपें जोमदार नसलीं तर लावणी वायां जाते. हा टाहाळ आणि हें गवत येणार कोठून ? डोंगराच्या उतरणीवरून, म्हणजे वरकस जमिनींतून. त्या जमिनींत चार वर्षें नाचणी, वरी काढावयाची आणि मग ती पडीत टाकावयाची. रिकार्डोच्या हिशेबानें ही सीमांत जमीन. तिचा खंड शून्य. आणि तरीहि खालच्या सोळा आणे शेताचें पीक तिच्यावर अवलंबून ! आपल्या उदाहरणांतलें तिसरें शेत काढून घेतलें तर पहिलें शेत दहा मण देणारच नाहीं. इंग्लंडांतील शेतें एकमेकांपासून सुटीं मोजतां येत असतील. इरशाळगडाच्या पायथ्याचीं येत नाहींत. भात आणि वरकस यांचे दर वेगळे बसवून अंमलदारांनीं यांतून वाट काढली. पुढें जंगलखात्यानें डोंगर राखून ठेवावयास आणि टाहाळ तोडण्यास बंदी करावयास आरंभ केला, तेव्हां मात्र हा गुंता पुन्हां वर आला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली कीं, सरकारला १८८५ सालीं कमिशन नेमावें लागलें आणि राबाचा प्रश्न त्याच्यापुढील प्रमुख प्रश्नांपैकीं एक होता.

बाजाराच्या जवळिकीचा मुद्दा या भागाइतका दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसेल. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला आणि चौक हा पनवेल व खोपोली यांमधल्या त्याच रस्त्यावरचा गांव. १८५६ मध्यें आगगाडी खोपोलीपर्यंत, घाटाच्या तोंडाशीं, येऊन ठेपली. मातींत कांहींहि फरक न होतां, केवळ भात गाडींत घालून पनवेल बंदरावर नेतां येतें एवढ्यानें जमिनीची किंमत वाढते. नव्या आकारणीनें तिचा हिशेब धरला होता.

आतां या व्यवस्थेचा जो परिणाम कोणीच योजिला नव्हता, त्याकडे वळलें पाहिजे. नवा सारा प्रिंगलच्या साऱ्याहून हलका होता, तीस वर्षें न बदलणारा होता, आणि खातें दुसऱ्याच्या नांवें करून देतां येत होतें. वरच्या उदाहरणांतल्या पहिल्या शेताचे जे पांच मण खंड म्हणून उरत होते, त्यांतले दोन, समजा, सरकारनें घेतले. उरलेले तीन कोणाचे ? कसणाराचे, असें विंगेटला वाटलें असेल. रयतेच्या गांठीं चार पैसे राहावे हीच त्याची इच्छा होती. परंतु सिद्धांताचें उत्तर निष्ठुर आहे : ज्याच्या नांवें खातें त्याचे. जमिनींत कांहीं तरी उरूं लागलें म्हणजे ती तारण ठेवण्याजोगी होते; तारण मिळूं लागलें म्हणजे सावकार पुढें होतो; आणि कर्ज फिटलें नाहीं म्हणजे खातें फिरतें. घाटावर या फिरलेल्या खात्यांचा संताप १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत उसळला, आणि पुणें-नगरकडच्या कैक गांवांतून सावकारांच्या वह्या जळाल्या. कोंकणांत तसा भडका उडाला नाहीं. येथें शेत कसणारा त्याच शेतावर राहिला. पूर्वीं तो सारा देत होता, आतां खंड देऊं लागला, आणि तो खंड बहुतेक ठिकाणीं अर्ध्या पिकाचा होता. सरकार हेंच धनी असें गृहीत धरून सुरू झालेल्या कारभारानें गांवोगांव नवे धनी निर्माण केले.

एवढें सारें घडत असतां मराठी ग्रंथांत काय चाललें होतें ? १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनीं या शास्त्रावर पुस्तक लिहिलें आणि त्याला 'लक्ष्मीज्ञान' असें नांव दिलें. १८५४ मध्यें हरि केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांची 'देशव्यवहारव्यवस्था' निघाली. दुसऱ्याच वर्षीं कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' आली. सहा वर्षांत एका शास्त्राला तीन नांवें ! पहिल्या नांवांत संपत्तीची देवता आहे, दुसऱ्यांत देशाचा कारभार, तिसऱ्यांत जुना संस्कृत शब्द. तिसरें टिकलें. मौजेची गोष्ट अशी कीं, कौटिल्याचें 'अर्थशास्त्र' त्या वेळीं कोणाच्याच हातीं नव्हतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं तें उजेडांत आणून छापलें तें १९०९ मध्यें. चिपळूणकरांच्या पुस्तकाच्या वेळींच नसरापूरच्या शेतांतून साखळ्या ओढल्या जात होत्या. पण ग्रंथकार संपत्तीची व्याख्या समजावून सांगत होते, आणि साखळी ओढणारा त्या व्याख्येवांचून संपत्ति मोजीत होता. दोघांची भेट झाली नाहीं.

ही भेट पुढच्या पिढीनें घडवून आणली, आणि तिची सुरुवात एका विलक्षण योगायोगानें होते. ज्या विंगेटनें अर्ध्या महाराष्ट्राचा आकार बसविला, त्यानेंच विलायतेस परतल्यावर १८५९ सालीं एक लहान पुस्तक लिहून हिंदुस्थानांतून इंग्लंडकडे मोबदल्याशिवाय जाणाऱ्या पैशाबद्दल टीका केली. दादाभाई नौरोजींनीं आपल्या लेखांत त्याची साक्ष काढली आहे. रयतेच्या शेतांत उरतें किती हें जन्मभर मोजलेला माणूस, देशांत उरतें किती हें विचारूं लागला, यांत नवल तें काय ? इकडे जोतीराव फुल्यांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत साऱ्याचा आणि त्यावर जगणाऱ्या कारकुनांचा पाढा वाचला, तो कोणत्याहि इंग्रजी ग्रंथाच्या आधारानें नव्हे. सोलापूरचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी सरकारी नोकरी संभाळून पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत आंकड्यांनीं भरलेले लेख निनांवी लिहीत होते. गोपाळराव गोखल्यांनीं अर्थशास्त्राचा अभ्यास केला तो त्यांच्यापाशीं. शाळेंतला वर्ग सुटल्यावर ब्लू-बुकांतले तक्ते घेऊन बसणाऱ्या अशा माणसांचे पुतळे सहसा उभारले जात नाहींत.

आणि १८९२ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत न्यायमूर्ति रानड्यांनीं 'हिंदी अर्थशास्त्र' या विषयावर व्याख्यान दिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जे नियम सांगतात, ते कांहीं गोष्टी गृहीत धरून. माणूस स्वतःचा लाभ पाहून एका धंद्यांतून दुसऱ्यांत सहज जातो. देणेंघेणें करारानें व चढाओढीनें ठरतें. श्रम व भांडवल जिकडे लाभ तिकडे धांवतात. जेथें जात, रूढि आणि कर्ज यांनीं माणूस जागीं खिळलेला आहे, तेथें तेच नियम जसेच्या तसे लावणें हें शास्त्र नव्हे. जर्मनीच्या फ्रिड्रिख् लिस्टनें १८४१ सालीं इंग्रजी मताविरुद्ध जो राष्ट्रीय पक्ष मांडला होता, त्याचा उपयोग रानड्यांनीं केला. म्हणजे परक्या सिद्धांताला उत्तर देतांनाहि परक्याच सिद्धांताचा हात धरला. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. खुद्द हेलिबरींत माल्थसच्या जागीं आलेल्या रिचर्ड जोन्सनें १८३१ मध्येंच लिहून ठेवलें होतें कीं, रिकार्डोचा खंड इंग्लंडसारख्या थोड्या देशांत सांपडतो आणि आशियांतला रयतेचा खंड ही निराळीच चीज आहे. इरशाळगडाच्या पायथ्याचा कुणबी "नाहीं तर वर उतरणीवर जा" हें ऐकून खरोखर जाऊं शकत असेल, तरच पांच मणांचा हिशेब खरा. तो सावकाराच्या वहींत बांधलेला असेल, तर खंड पांच मणांवर थांबत नाहीं; त्याच्या पोटाच्या पांच मणांतहि हात घालतो. चौकच्या कुळाला हें कळावयास डेक्कन कॉलेजांत जावें लागलें नसतें, हें खरें. पण त्याचें कळणें कोणी कायद्यांत लिहीत नव्हतें.

तें कायद्यांत उतरावयास आणखी अर्धें शतक लागलें. १९३३ पासून अलिबाग तालुक्यांत चरी येथील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं अर्धेलीच्या खंडाविरुद्ध संप पुकारला आणि शेतें न कसतां १९३९ पर्यंत तो चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं या कुळांची बाजू घेतली. १९३७ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या कायदेमंडळांत त्यांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक आणलें. लंडनच्या अर्थशास्त्र-विद्यालयांत शिकून आलेला हा पंडित रिकार्डो पूर्ण जाणत होता. पण १९१८ सालच्या लहान धारण-क्षेत्रांवरील आपल्या निबंधांतच त्यानें जमिनीपेक्षां तिच्यावर रिकाम्या बसलेल्या माणसांकडे आणि अपुऱ्या भांडवलाकडे बोट दाखविलें होतें. १९३९ मध्यें पहिला कूळकायदा झाला, १९४८ मध्यें अधिक व्यापक असा दुसरा, आणि १९५६ च्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. त्या दिवशीं जो कायदेशीर कूळ म्हणून शेत कसत होता, तो त्या शेताचा विकत घेणारा मालक मानला गेला.

किंमत कशी ठरवावयाची ? येथें तो जुना आंकडा पुन्हां पुढें आला. सामान्य कुळानें द्यावयाची किंमत आकाराच्या वीस पटींहून कमी नाहीं आणि दोनशें पटींहून अधिक नाहीं, अशी मर्यादा कायद्यानें घातली. माल्थसच्या वर्गांतून निघालेलें, प्रिंगलच्या हातीं बिघडलेलें, विंगेटनें दुरुस्त केलेलें, नसरापूरच्या मोजणीदारांनीं भात-वरकसांत वांटलेलें आणि पुढच्या फेरआकारणींत चढलेलें हें माप, आतां सरकारासाठीं खंड काढण्याऐवजी खंड बंद करण्यासाठीं वापरलें गेलें. आकार हलका असल्यामुळेंच एके काळीं सावकाराला खातें हवेसें झालें होतें. त्याच हलक्या आकारामुळें आतां कुळाला शेत घेणें परवडलें.

ज्यांचीं नांवें कुळांच्या रजिस्टरांत लागलीं होतीं, त्यांना हें साधलें. तोंडी बोलीवर कसणारे पुष्कळ होते. ते पुराव्याअभावीं मागें राहिले. आणि डोंगराच्या कडेचा कातकरी सारा देणाराहि नव्हता, खंड देणाराहि नव्हता. राबाचा टाहाळ तोडणें, लावणी-कापणी, कोळसा पाडणें, वीटभट्टी, हें त्याचें काम. सात-बारावर त्याला रकाना नव्हता. रिकार्डोनें उत्पन्नाचे तीन वांटे सांगितले होते, जमीनदाराचा, भांडवलवाल्याचा आणि मजुराचा. दीडशें वर्षांचा सारा वाद पहिल्या वांट्यावरून झाला.

त्या पहिल्या वांट्याची गोष्ट अजून चालू आहे. १९८१ सालीं कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला, २००२ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगति-महामार्ग पूर्ण झाला, आणि कर्जत-खालापुरांतील जमीन भातासाठीं नव्हे तर बंगल्यांसाठीं, गोदामांसाठीं आणि रस्त्याच्या जवळिकीसाठीं विकली जाऊं लागली. डोंगराच्या उतरणीचें तें तिसरें शेत, ज्याचा खंड शून्य होता, त्याला आतां वरून दिसणाऱ्या देखाव्याबद्दल खालच्या शेताहून अधिक भाव येतो. राब भाजावयास तेथें कोणी चढत नाहीं.